परसातल्या कोंबड्यांची पैदास: वही, कोंबडा आणि तीन कुटुंबं

कडकनाथ म्हणून घेतलेल्या जोडीची पहिली बारा पिल्लं डालग्याखालून बाहेर आली, तेव्हा नऊ काळीशार होती आणि तीन चक्क उजळ. चोच फिकी, तोंडाच्या आतला भाग गुलाबी. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "दादा, तुमचा गावरान कोंबडा लागला असणार." पण आमच्याकडे दुसरा कोंबडाच नव्हता, आणि अंडी रवणीला, म्हणजे उबवायला ठेवली ती जोडी घरी आणल्यावर दोन महिन्यांनी. बाराला तीन, म्हणजे बरोबर पाव हिस्सा. हा आकडा कुठून येतो ते समजून घेताना मला कोंबड्यांच्या अनुवंशाची गोडी लागली. त्या तीन पिल्लांचा उलगडा पुढे येईलच.

हा लेख ज्यांच्या परसात, शेतघरावर किंवा बंगल्यामागच्या जागेत दहा-वीस पक्षी आहेत आणि आता स्वतःची पैदास करावीशी वाटते आहे, त्यांच्यासाठी आहे. पक्षी पाळणं आणि पैदास करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पाळताना आजचा पक्षी बघायचा असतो; पैदास करताना त्याची आई, त्याचा बाप आणि त्याची भावंडं बघायची असतात. म्हणून पहिली खरेदी कोंबड्याची नको, दोनशे पानी वहीची करा.

आधी एक वाक्य लिहा

वहीच्या पहिल्या पानावर आपल्याला काय हवंय ते एका वाक्यात लिहा. "खुडूक बसणारी, पिल्लं नीट सांभाळणारी, वर्षाला ऐंशीच्या आसपास अंडी देणारी गावरान कोंबडी." किंवा "आतून-बाहेरून काळा, अस्सल कडकनाथ." किंवा "मटार तुऱ्याचा, उंच, शांत असील." एकच वाक्य, आणि त्यात दोन किंवा फार तर तीन गुण. पाच गुणांवर एकदम निवड करायला गेलात तर एकही धड पुढे सरकत नाही, कारण वीस पक्ष्यांमध्ये पाचही गुण असलेला पक्षी सापडतच नाही.

असील पाळणाऱ्यांना एक सांगणं आहे. देखणेपणासाठी, ताकदीसाठी जरूर पाळा. झुंजीसाठी नको. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंजी लावणं हा गुन्हा आहे, आणि भांडकुदळपणावर निवडलेला कोंबडा घरातल्या लहान मुलांच्याही अंगावर जातो.

पक्षी कुठून आणायचे

बाजारात रंगीत पिल्लं "गावरान" म्हणून विकली जातात. त्यातली बरीच संकरित असतात. हैदराबादच्या संशोधन संस्थेची वनराजा आणि ग्रामप्रिया, बेंगळुरूची गिरिराज हे उत्तम पक्षी आहेत, परसात तगतात, अंडीही भरपूर देतात. पण ते वेगवेगळ्या वाणांच्या मिश्रणातून तयार केलेले असतात. त्यांचीच अंडी घरी उबवली तर पुढची पिढी आईबापांसारखी एकसारखी येत नाही. एक पिल्लू मोठं, एक किरकोळ, एक भरपूर अंडी देणारं, एक खुडूक. अंड्यांसाठी पाळायला घ्या, पैदाशीचा पाया म्हणून घेऊ नका.

पायासाठी गावातल्या तीन वेगवेगळ्या घरांतून पक्षी घ्या. विचारायचं ते असं: "मावशी, हिची आई आहे का अजून? किती वेळा रवणीला बसली? किती पिल्लं जगली?" ज्या घरातली बाई या प्रश्नांना थांबून, आठवून उत्तर देते, तिथले पक्षी घ्यावेत. कडकनाथ हवा असेल तर त्याचं मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धार या भिल्ल-भिलाला समाजाच्या पट्ट्यात आहे, आणि झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आपल्या नंदुरबारकडे बुसरा नावाचा छोटेखानी, काटक वाण आहे. तो नोंदणीकृत देशी वाण आहे आणि गुजरातच्या लगतच्या भागातही आढळतो. खानदेशातल्या वाचकांनी त्याच्याकडे लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं.

नवा पक्षी आणला की तीन ते चार आठवडे वेगळा ठेवा, शक्य तितका लांब. त्याचं दाणापाणी सगळ्यात शेवटी करा. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये याच बुसराच्या मुलखात, नवापूरला झाला होता. एका रोगात वाणच्या वाण जाऊ शकतो, हे तेव्हापासून तरी विसरू नये. मानमोडीची लस पिल्लं पाच ते सात दिवसांची असताना, गंबोरोची चौदाव्या दिवसाच्या सुमारास आणि देवीची दीड-दोन महिन्यांनी, हा साधारण क्रम. तुमच्या भागाप्रमाणे पशुवैद्यकांकडून पक्का करून घ्या.

जोड लावणं

एका कोंबड्याला आठ ते दहा कोंबड्या पुरतात. असीलसारख्या जड पक्ष्याला पाच-सहाच द्याव्यात. कोंबडा वर्षाचा तरी असावा. सहा महिन्यांच्या नराची अंडी फळतात, पण इतक्या लवकर त्याचं शरीर, स्वभाव, आजाराला तोंड देण्याची ताकद यांतलं काहीच कळलेलं नसतं.

नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते. कोंबडीच्या शरीरात नराचं बीज दोन ते तीन आठवडे जिवंत राहतं. म्हणजे आज जुना कोंबडा काढून नवा सोडला, आणि आठ दिवसांनी अंडी रवणीला ठेवली, तर बाप कोणता हे सांगता येणार नाही. जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवडे थांबा. त्या दिवसांतली अंडी खा, विका; वहीत लिहू नका.

वर्षभर प्रत्येक जोडीला स्वतंत्र खुराडं लागतं असंही नाही. तीन आठवडे थांबायचे आणि दोन आठवडे अंडी गोळा करायचे, असे पाच आठवडे पक्षी वेगळे ठेवले की काम होतं. बाकी वर्ष ते एकत्र हिंडू देत.

अंडी, रवण आणि खुणा

रवणीसाठी अंडं मध्यम आकाराचं, नीट टोक असलेलं, टणक कवचाचं घ्या. फार मोठं, लांबुळकं किंवा गोल नको. मळलेलं अंडं धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा. धुतल्यावर कवचावरचा संरक्षक थर जातो. प्रत्येक अंड्यावर साध्या शिसपेन्सिलीने तारीख आणि कोंबडीचा क्रमांक लिहा. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, म्हणून दोन आठवड्यांची अंडी एकदम न ठेवता दर आठवड्याची वेगळी रवणीला घाला. साठवताना जाड बाजू वर आणि जागा थंड हवी, पंधरा ते अठरा अंश तापमान उत्तम. आपल्याकडे एवढा गारवा दिवाळीनंतरच्या रात्रींनाच मिळतो. एरवी पाण्याने भिजवलेल्या वाळूवर मडकं ठेवून त्यात टोपलीत अंडी ठेवतात, तेवढ्यानेही फरक पडतो. एप्रिल-मेमध्ये अंडी उघड्यावर राहिली तर उष्णतेने आतला गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि रवणीआधीच मरतो. मग रवण वाया गेली की दोष खुडूक कोंबडीला दिला जातो.

खुडूक कोंबडीखाली दहा ते तेरा अंडी, तिच्या अंगाखाली झाकतील एवढीच. तिला संध्याकाळी अंधार पडल्यावर बसवा. उबवणी यंत्र असेल तर पंख्याच्या यंत्रात साडेसदतीस अंश, आर्द्रता पन्नास ते पंचावन्न टक्के, अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून तीन-चार वेळा अंडी फिरवणं, आणि शेवटचे तीन दिवस फिरवणं बंद करून आर्द्रता पासष्ट-सत्तरपर्यंत वाढवणं. एकवीस दिवसांनी पिल्लं. सातव्या दिवशी अंधारात विजेरीवर अंडं धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ आहे. आत नुसता स्वच्छ उजेड दिसला तर अंडं फळलेलंच नाही. लाल कडं दिसलं तर गर्भ वाढायला लागून मेला. हे तीन आकडे वहीत वेगवेगळे लिहा, कारण त्यांची कारणं वेगळी असतात. फळलंच नाही तर आधी कोंबडा तपासायचा. गर्भ मेला तर साठवण, तापमान किंवा जवळच्या नात्यातली जोडी.

पिल्लू निघालं की त्याच दिवशी खूण हवी. रंगावरून ओळखू, असं म्हणू नका. पंधरा दिवसांत पिल्लू रंग बदलतं. जुनी, चांगली पद्धत म्हणजे बोटांमधल्या पातळ पडद्याला भोक पाडणं. प्रत्येक पायाला समोरच्या तीन बोटांमध्ये दोन पडदे, दोन्ही पायांचे मिळून चार. भोक आहे किंवा नाही, अशा जोडण्यांतून सोळा वेगवेगळ्या खुणा होतात. सोळा आईबापांच्या जोड्यांची पिल्लं एकत्र वाढवली तरी ओळखू येतात. मोठं झाल्यावर पायात रंगीत कडी घालायची.

लिंग आईकडून ठरतं

माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. कोंबड्यांत उलटं आहे. नराकडे झेड नावाची दोन गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबडी आपला झेड देते तेव्हा नर पिल्लू होतं, डब्ल्यू देते तेव्हा मादी. यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते: आईचा झेड फक्त मुलग्यांना मिळतो. मुलीला तिचा एकुलता एक झेड बापाकडूनच येतो. म्हणून झेडवर असलेले गुण आई मुलीला देऊच शकत नाही. हे वाक्य वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, वारंवार लागेल.

राखाडी पट्ट्यांच्या, म्हणजे प्लायमाउथ रॉकसारख्या कोंबड्यांवर हे लगेच दिसतं. पट्ट्यांचा गुण झेडवर आहे आणि प्रभावी आहे, म्हणजे एकाच बाजूने मिळाला तरी दिसतो. पट्टेदार कोंबडीला साधा काळा कोंबडा लावा. आईचा पट्टेदार झेड फक्त मुलग्यांना जातो, म्हणून एका दिवसाच्या नर पिल्लाच्या डोक्यावर पांढरट ठिपका असतो आणि मादी पिल्लू डोक्यावर काळंच असतं. जोडी उलटी लावली, पट्टेदार कोंबडा आणि काळी कोंबडी, तर ही ओळख मिळत नाही. कुठला पक्षी नर आणि कुठला मादी घेतला यावर सगळा खेळ आहे.

तुऱ्याचा पाठ

अनुवंश डोळ्यांनी शिकायचा तर तुऱ्यावर शिका. १९०२ मध्ये विल्यम बेटसन यांनी मेंडेलचे वाटाण्यावरचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे कोंबड्यांच्याच आधारे दाखवलं, आणि त्यात तुरा होता. आपल्या गावरान कोंबड्यांचा करवतीसारखा एकेरी तुरा अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळाला तरच दिसतो. असीलचा बसका मटार तुरा प्रभावी. असील कोंबडा आणि एकेरी तुऱ्याची गावरान कोंबडी यांची पिल्लं मटार तुऱ्याचीच निघतात, तुरा थोडा मोठा आणि अस्ताव्यस्त असतो इतकंच. पण प्रत्येक पिल्लाच्या पोटात आईचा एकेरी तुरा दडलेला असतो. त्याच पिल्लांची आपसात जोडी लावली की चारांत साधारण एक पिल्लू एकेरी तुऱ्याचं निघतं. म्हणून मटार तुऱ्याच्या दोन पक्ष्यांना एकेरी तुऱ्याचं पिल्लू झालं तर शेजारच्या कोंबड्यावर संशय घेऊ नका. ते आजीचं देणं असतं. दोन एकेरी तुऱ्याच्या पक्ष्यांना मटार तुऱ्याचं पिल्लू झालं तर मात्र संशय घ्या. दडलेला गुण अप्रभावी असतो. प्रभावी गुण दडून राहत नाही.

गुलाब तुऱ्याचं, म्हणजे रुंद, चपट्या, खडबडीत तुऱ्याचं एक निराळं दुखणं आहे. दोन्ही बाजूंनी गुलाब तुरा मिळालेल्या कोंबड्याचं बीज कमकुवत असतं. त्यामुळे गुलाब तुऱ्याच्या वाणात अधूनमधून एकेरी तुऱ्याची पिल्लं निघतात ती लगेच काढून टाकू नका. त्यांच्यामुळे कळपाची फळण्याची ताकद टिकते.

कडकनाथचा काळेपणा, आणि त्या तीन पिल्लांचा उलगडा

कडकनाथचं रक्त लाल असतं, अंडं फिकट तपकिरी असतं. काळी अंडी दाखवून कुणी पैसे मागितले तर परत या. काळं असतं ते कातडं, तुरा, जीभ, हाडांवरचं आवरण आणि मांसाची झाक. हा काळेपणा दोन गोष्टींवर ठरतो. पहिली, काळं रंगद्रव्य शरीरभर पसरवणारं प्रभावी जनुक. कडकनाथमध्ये ते दोन्ही बाजूंनी आलेलं असतं. दुसरी, हे रंगद्रव्य कातड्यापर्यंत पोचू न देणारं अडवणारं जनुक. ते झेडवर असतं, प्रभावी असतं, आणि कडकनाथमध्ये ते नसतं.

दुसऱ्या पक्ष्याकडे हे अडवणारं जनुक आहे की नाही, ते त्याच्या पायांवरून बऱ्याच अंशी कळतं. पिवळे किंवा पांढरट पाय असतील तर बहुधा आहे. पाटीसारखे राखाडी-निळे किंवा हिरवट पाय असतील तर नाही. (पाय पिवळे करणारं जनुक कोंबड्यांत सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या कुळातून आलं, असं २००८ च्या संशोधनात दिसून आलं. आपल्या घाटात पहाटे ओरडणारा तो करडा रानकोंबडा. त्याला पकडणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याची गरजही नाही. त्याचं देणं आपल्या परसात आधीच आलेलं आहे.)

आता जोड्या लावून बघू. कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायांची गावरान कोंबडी: आईचं अडवणारं जनुक फक्त मुलग्यांना मिळतं. त्यामुळे मुलगे उजळ, मुली काळ्या. महिन्याभरात पिल्लं वेगळी ओळखू येतात. उलटी जोडी, म्हणजे पिवळ्या पायांचा शुद्ध गावरान कोंबडा आणि कडकनाथ कोंबडी लावली, तर बापाचा झेड सगळ्यांनाच मिळतो आणि सगळी पिल्लं उजळ निघतात. दोन शेजाऱ्यांनी या दोन जोड्या लावल्या तर एक म्हणेल कडकनाथचा रंग उतरतो, दुसरा म्हणेल उतरत नाही. आणि दोघंही खरं सांगत असतील. पहिल्या जोडीतली गावरान कोंबडी राखाडी-निळ्या पायांची असेल तर नर-मादी सगळीच पिल्लं काळी.

फसवणूक होते ती या काळ्या संकरित पिल्लांवरून. त्यांच्याकडे रंगद्रव्य पसरवणारं जनुक एकाच बाजूने आलेलं असतं. शुद्ध कडकनाथपेक्षा ती किंचित फिकी असतात, पण शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. अशा दोघांची जोडी लावली की चारांत एक पिल्लू उजळ. माझी बाराला तीन पिल्लं हीच होती. मला विकलेले दोन्ही पक्षी संकरित होते, आणि दुसऱ्या कुठल्या कोंबड्याचा त्यात काही संबंध नव्हता.

पक्षी शुद्ध आहे का, हे तपासायची रीत आहे. संशय असलेल्या कोंबडीला राखाडी-निळ्या पायांचा, उजळ तोंडाचा गावरान कोंबडा लावा. पिवळ्या पायांचा लावला तर अडवणारं जनुक आड येऊन निकाल बिघडेल. कोंबडी शुद्ध असेल तर सगळी पिल्लं काळी. संकरित असेल तर प्रत्येक पिल्लू उजळ निघण्याची शक्यता निम्मी. आठ पिल्लं काळी निघाली तर कोंबडी संकरित असण्याची शक्यता फार थोडी उरते, कारण संकरित कोंबडीला ओळीने आठ काळी पिल्लं होण्याची संधी २५६ मध्ये एक. एकही उजळ पिल्लू दिसलं की निकाल लागला. ही पिल्लं पैदाशीत घेऊ नका, पण कोंबडीबद्दल खात्री मिळाली तेवढ्याने रवण वसूल झाली.

ज्या जोड्या लावू नयेत

बोडक्या मानेच्या कोंबड्या उन्हाळा चांगला काढतात, कारण अंगावर पिसं कमी. मानेच्या पुढे पिसांचा छोटा झुबका असेल तर हा गुण एका बाजूने आलेला. झुबका जवळजवळ नसेल तर दोन्ही बाजूंनी. दोन झुबकेवाल्यांची जोडी लावायला हरकत नाही. उलट्या पिसांच्या कोंबड्यांचं तसं नाही. उलट्या पिसांचे दोन पक्षी जोडले की पाव पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ निघतात की पक्षी उघडा पडतो, थंडीत कुडकुडतो. उलट्या पिसांच्या पक्ष्याला नेहमी साधा जोडीदार द्या, निम्मी पिल्लं उलट्या पिसांची येतीलच. आणि शोभेच्या पक्ष्यांच्या बाजारात मिळणारा आखूड पायांचा जपानी बँटम घेतलात तर दोन आखूड पायांचे पक्षी एकत्र लावू नका. हा गुण दोन्ही बाजूंनी मिळालेला गर्भ अंड्यातच मरतो. पाव अंडी दरवेळी वाया जातात.

निवड

प्रत्येक कोंबडी आपल्या पिल्लांना अर्धा वाटा देते, पण कोंबडा सगळ्यांच्या पिल्लांना अर्धा वाटा देतो. बारा कोंबड्या आणि एक कोंबडा असेल तर पुढच्या पिढीचा निम्मा भाग त्या एका नराचा. म्हणून निवडीचा वेळ कोंबड्यांपेक्षा कोंबड्यावर जास्त घालवा. पाच-सहा नर वाढवा आणि त्यातून एक ठेवा.

वजन, अंड्याचा आकार, पायांची ठेवण, तुरा, रंग हे गुण पक्ष्याकडे बघून निवडले तरी पुढे चांगले उतरतात. अंड्यांची संख्या, पिल्लं जगण्याचं प्रमाण, रोगाला तोंड देणं यांचं तसं नाही. ते खाण्यावर, ऋतूवर, नशिबावर बरंच अवलंबून असतं, आणि कोंबडा तर अंडी देतच नाही. इथे घराणं बघावं लागतं. ज्या कोंबडीच्या सहा मुलींपैकी पाच जणी चांगल्या अंडी देतात, तिचा मुलगा ठेवा. एकट्या विक्रमी कोंबडीचा नको. हे कळायला वही लागते, आणि कुठलं अंडं कुणाचं ते कळायला सकाळी खुराड्यापाशी थोडं थांबावं लागतं.

खुडूक बसण्याबद्दल माझं मत ठाम आहे. अंडी वाढवण्याच्या नादात हा गुण घालवू नका. व्यापारी लेगहॉर्नमध्ये तो निवडीनेच नाहीसा केलेला आहे. यंत्रात उबवत राहिलात आणि जी थांबतच नाही तिचीच अंडी उबवलीत, तर चार-पाच पिढ्यांत तुमच्या गावरानचंही तेच व्हायला लागेल. वीज जाते, यंत्र बिघडतं. खुडूक कोंबडी तापमान आपलं आपण राखते, आणि पिल्लांना घारीपासून जीव वाचवायला शिकवते. दरवर्षी निदान निम्मी पिल्लं चांगल्या आईखाली वाढवा, आणि जिची पिल्लं जगतात तिच्या मुलींना पुढच्या पैदाशीत पहिली जागा द्या.

रक्त फार जवळचं होऊ नये म्हणून

बाप-मुलगी किंवा सख्ख्या भावंडांची जोडी लावली की पिल्लांत पंचवीस टक्के आंतरप्रजनन होतं. एखाद्या वेळी, एखादा गुण पक्का करायला हे करतात. सवय झाली की आधी अंडी फळणं कमी होतं, मग पिल्लं जगणं कमी होतं, आणि हे इतकं हळू होतं की वहीतले जुने आकडे काढून पाहिल्याशिवाय लक्षातच येत नाही.

अनुवंशाच्या दृष्टीने कळप खरा किती मोठा, याचा हिशोब सोपा आहे. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, गुणिले चार. भागिले दोघांची बेरीज. एक कोंबडा आणि बारा कोंबड्या: ४८ भागिले १३, म्हणजे ३.७. डोळ्यांना तेरा पक्षी दिसतात, पण अनुवंशाच्या दृष्टीने कळप चार पक्ष्यांपेक्षाही लहान आहे. आंतरप्रजनन दर पिढीला साधारण साडेतेरा टक्क्यांनी वाढतं (एक भागिले या आकड्याची दुप्पट). त्याच बारा कोंबड्यांना तीन कोंबडे ठेवले की १४४ भागिले १५, म्हणजे ९.६, आणि वाढ येते पाच टक्क्यांच्या आसपास. कोंबड्या तेवढ्याच, दोन कोंबडे जास्त पोसले एवढाच फरक.

म्हणून तीन कुटुंबं करा: लाल, पिवळं, निळं. प्रत्येकात एक कोंबडा आणि चार कोंबड्या. मुली आईच्या कुटुंबात राहतात आणि आईच्या रंगाचं कडं घालतात. मुलगे पुढच्या कुटुंबात जातात: लालचा पिवळ्यात, पिवळ्याचा निळ्यात, निळ्याचा लालमध्ये. दरवर्षी हेच चक्र, कधी उलटं फिरवायचं नाही. अशाने सख्खी भावंडं एकत्र येत नाहीत आणि बाहेरचा पक्षी फार वर्षं लागत नाही. लागला तर कोंबडी आणू नका, अंडी आणून आपल्या खुडूक कोंबडीखाली ठेवा. पक्ष्यासोबत येणारे बरेचसे रोग त्यामुळे टळतात. साल्मोनेला आणि मायकोप्लाझ्मा हे जंतू मात्र अंड्यातूनही येतात, म्हणून ज्या घरात पिल्लं पांढरी हगवण लागून मरतात किंवा कोंबड्या सतत घरघरतात, तिथली अंडीही घेऊ नका.

वर्षाचं गणित

रवण दसरा-दिवाळीच्या सुमाराला घालावी. पावसात निघालेली पिल्लं ओल्या लादीमुळे रक्ती हगवणीला बळी पडतात, आणि मे महिन्याच्या उन्हात साठवलेली अंडीच खराब होतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जुने कोंबडे काढायचे, नवे लगेच सोडायचे, तीन आठवडे जाऊ द्यायचे, मग अंडी जमवायला लागायचं. नोव्हेंबरपर्यंत पिल्लं खाली उतरलेली असतात. आईखाली नसतील तर पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब द्या आणि दर आठवड्याला तीन अंश कमी करत जा. फेब्रुवारीत नर-मादी वेगळे करा, वजन करा, आणि जे नर ठेवायचे नाहीत त्यांचा निर्णय शिमग्याआधी घ्या. उशीर केला की ते आपसात भांडून चांगल्या नरालाही जखमी करतात. तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, मेच्या सुमाराला अंड्यावर येतात. पहिलं अंडं कुठल्या तारखेला पडलं ते वहीत लिहा, आणि त्याशेजारी तिच्या आईचं पहिलं अंडं कधी पडलं होतं तेही.